चौकटीवरचे अधिक आठ

मित्रांनो, आधी पाठ ताठ करून बसा. मी जे सांगणार आहे ते लोळत ऐकण्यासारखे नाही. शिवाय मी स्वतः जन्मभर सरळ रेषेत उभी राहिले आहे. समोरच्याचा खांदा कलता दिसला की मला आजही चैन पडत नाही.

मी तराजू आहे. बाजारातली नव्हे. बाजारातल्या माझ्या बहिणींना मी कमी लेखत नाही, त्यांच्या जिवावर घरे चालतात. पण त्यांच्या पारड्यात चार दाणे इकडचे तिकडे झाले तर कुणाचे अडत नाही. माझ्या पारड्यावर माशीने पाय टेकला तरी माझा काटा हलतो. मी काचेच्या पेटीत राहणारी, रसायनाच्या प्रयोगशाळेतली तराजू. अकरावी-बारावीची मुले विद्यापीठाच्या दारात पाऊल टाकण्याआधी माझ्यासमोर श्वास रोखून उभी राहत. आज मी जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या स्टुलांच्या आणि गंजलेल्या तिवयांच्या संगतीत पडले आहे. माझ्या काचेवर धुळीचा थर आहे आणि त्यावर कुणीतरी बोटाने एक हसरा चेहरा काढून ठेवला आहे. तो मला मुळीच आवडलेला नाही.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. तिथे एक म्हातारा कारागीर आणि त्याची बायको अशी दोनच माणसे होती. माझी पितळी दांडी त्याने अकरा दिवस घासली. एक बाजू केसभर जड निघाली की तो तिला मऊ कापडाने दोन वेळा पुसायचा आणि पुन्हा तोलायचा. अकराव्या दिवशी दांडी अकीक दगडाच्या धारेवर ठेवली तेव्हा काटा दोन्ही बाजूंना सारखा झुलला आणि बरोबर मध्ये येऊन थांबला. म्हाताऱ्याने मला मऊ कापडात गुंडाळले.

मग तो बायकोला म्हणाला, "हिला पाठवताना पोरीला सासरी धाडल्यासारखं होतंय गं."

ती पेटीत भुसा भरता भरता म्हणाली, "पोरीकडे एवढं बघितलं असतंत, तर तिनं सहा महिने पत्र टाकायचं सोडलं नसतं."

असा माझा निरोप झाला.

मी आले ती शाळेच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी. त्या प्रयोगशाळेवर तेव्हा मोठ्या बाईंचे राज्य होते. रसायनाच्या त्या शिक्षिका. खरे नाव त्यांना असणारच, पण ते उच्चारण्याची कुणाची छाती नव्हती. त्यांचा नियम असा की पेटीचे दार उघडताना बांगड्या, घड्याळ, अंगठी सारे काढून ठेवायचे. वजन बोटाने उचलायचे नाही, चिमट्याने उचलायचे. आणि श्वास घ्यायचा असेल तर तो पेटीबाहेर घ्यायचा. एकदा एका मुलाला शिंक आली, तर बाईंनी त्याला थेट जिन्यापर्यंत नेऊन सोडले आणि म्हणाल्या, "आता काय शिंकायचंय ते मोकळेपणानं शिंक, आणि मग विज्ञानाकडे ये."

त्यांची आणखी एक रीत होती. या गोष्टीचे सारे दुःख त्या रीतीशी बांधलेले आहे, म्हणून ती नीट लक्षात ठेवा. दर वर्षी पहिल्या दिवशी, मुलांना शिकवण्याआधी, बाई माझ्या वजनपेटीतले एकेक वजन तपासत. लाकडी पेटीत मखमलीचे खळगे होते. मोठ्या खळग्यांत ग्रॅमची गोल वजने, आणि काचेच्या झाकणाखाली मिलिग्रॅमच्या पाकळ्या. पाकळी म्हणजे नखाएवढा चौकोनी पत्रा, चिमट्यात धरता यावा म्हणून एक कोपरा वर वळवलेला. बाई एका पारड्यात दोनशेची पाकळी ठेवत आणि दुसऱ्यात शंभराच्या दोन. काटा मध्ये थांबला की मुलांकडे वळून म्हणत, "दुसऱ्यांना तोलायचं असेल तर आधी स्वतः परीक्षा द्यावी लागते. वजनांनासुद्धा."

मुलांना तो वेळकाढूपणा वाटे. मला मात्र त्या दिवशी सकाळपासून अंगावर नवे कापड ल्याल्यासारखे होई.

बाईंच्या हाताखाली प्रयोगशाळेचा एक मदतनीस होता. मुले त्याला लॅबकाका म्हणत. बाटल्या धुणे, दिवे भरणे, फरशी पुसणे, माझ्या काचा लख्ख ठेवणे ही त्याची कामे. वीस वर्षांत माझ्या काचेवर त्याने एक ओरखडा येऊ दिला नाही. पण त्या वीस वर्षांत त्याला तोलायला मात्र कुणी शिकवले नाही. बाईंनीही नाही. त्यांना मी फार मानते, तरीही हे बोलल्याशिवाय मला राहवत नाही. जो माणूस रोज दांडी मोकळी करणारी माझी कळ पुसत होता, त्याला ती कळ फिरवल्यावर काय होते हे ठाऊक नव्हते.

बाई निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी त्यांनी कपाटाची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि सांगितले की यातली एक पाकळीसुद्धा हलता कामा नये. काकाने किल्ली कपाळाला लावली. आणि दीड महिन्यातच ती गोष्ट घडली.

सुट्टीचे दिवस होते. काका वजनपेटी पुसत होता. डोक्यावर पंखा चालू होता. त्याने मखमल झटकण्यासाठी पाकळ्या ओल्या फडक्यावर मांडल्या, आणि फडके सरकले. दोनशेची पाकळी पाण्याच्या मोरीत पडली आणि डोळ्यांदेखत जाळीतून खाली गेली. त्याने जाळी उचकटली, मोरीखालची नळी सोडवली, कोपरापर्यंत हात घातला. पाकळी मिळाली नाही. तो फरशीवर बसून राहिला. त्याला कुणी रागावणार म्हणून नव्हे. बाईंनी ज्या हातावर विश्वास टाकला, तो हात इतक्या लवकर खोटा ठरला म्हणून.

मग त्याने काय केले? रसायनांच्या बाटलीच्या झाकणाखाली असतो तो पातळ पत्रा काढला. शेजारची पाकळी समोर ठेवली, तिच्यावरून आणि मखमलीतल्या रिकाम्या खळग्यावरून माप घेतले, आणि कात्रीने नवी पाकळी कापली. लांबी तीच, रुंदी तीच. कोपराही तसाच वळवलेला. सुईच्या टोकाने त्याने तिच्यावर आकडा कोरला. हात इतका सफाईदार की दुकानातली मागे पडावी. खळग्यात ती नेमकी बसली, तेव्हा त्याने सुटकेचा निःश्वास सोडला.

मित्रांनो, त्या पत्र्याची जाडी कमी होती. सारखे दिसते ते सारखे भरते असेच त्याला वाटले. पाकळीवर आकडा होता दोनशेचा आणि वजन होते एकशे साठ. मी तिथेच उभी होते. एकदा कळ फिरवली असती तर मी त्याला सांगितले असते. पण कळ फिरवणे हे त्याचे काम नव्हते.

बाईंच्या जागी नवे सर आले. हुशार होते, मनाने वाईट नव्हते, पण त्यांच्या मागे चार तुकड्या लागलेल्या असत. पहिल्या दिवशी वजने तपासण्याची रीत त्यांना कुणी सांगितली नाही, आणि ती आपोआप बंद पडली. माझ्या जोडीच्या दोन तराजू एकामागून एक मोडल्या. मग सगळी तुकडी पाळीपाळीने माझ्याकडेच येऊ लागली.

बारावीचा मोठा प्रयोग असा असे. पांढरे स्फटिक माझ्यावर अगदी नेमके तोलून घ्यायचे, एक ग्रॅम दोनशे साठ मिलिग्रॅम. ते पाण्यात विरघळवायचे. मग ब्युरेट नावाच्या उभ्या काचनळीतून जांभळे द्रावण त्यात थेंब थेंब सोडायचे. फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचे आणि नळीवरचा आकडा वाचायचा. स्फटिक कमी भरले तर आकडा कमी येणार. काकाच्या पाकळीमुळे ते दर वेळी चाळीस मिलिग्रॅम कमी भरत, आणि चोवीसच्या जागी आकडा तेवीस पूर्णांक दोनच्या आसपास येई.

पहिल्या वर्षी मुले गोंधळली. सरांचे अपेक्षित उत्तर त्यांना ठाऊक होते आणि स्वतःचे जुळत नव्हते. मग एका चलाख मुलाने तोडगा काढला. या तराजूवर तोललं की शेवटी पॉइंट आठ वाढवायचा, बस्स. त्याने माझ्या शेजारच्या खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहून ठेवले, अधिकचे चिन्ह आणि आठ. पुढच्या वर्षीच्या मुलांना त्याने ते कानात सांगितले, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना. पेन्सिल पुसट झाली की कुणीतरी ती पुन्हा गिरवी. पहिल्यांदा त्यांना निदान एवढे माहीत होते की कुठेतरी चूक आहे. तीन-चार वर्षांत ती जाणीव गेली आणि नुसते आठ उरले.

आणि मी? मला तुमच्यापुढे खोटे बोलायचे नाही. निकाल उत्तम लागत होते. शाळा पाहायला कुणी पाहुणे आले की सर माझ्याकडे बोट करून सांगत की या तराजूवरच्या मुलांचे उत्तर कधी चुकत नाही. ते ऐकताना माझी दांडी अभिमानाने ताठ होत असे. माझ्या नावावर दर वर्षी तीस खोटे आकडे लिहिले जात होते आणि मी कौतुक करून घेत होते. अशी तेरा वर्षे गेली.

चौदाव्या वर्षी ती आली.

ती बारावीतच दुसऱ्या शाळेतून आलेली मुलगी. आई घरी कपडे शिवायची, आणि आईने शिवलेल्या कपड्यांची काजे ही करायची. काज म्हणजे गुंडी अडकवायचे भोक, त्याच्या कडेने घातलेले बारीक टाके. त्या टाक्यांनी तिची बोटे अशी तयार झाली होती की चिमट्यात पाकळी धरली तर ती थरथरत नसे. तुम्हाला सांगते, मोठ्या बाईंच्या नंतर माझ्या पेटीचे दार इतक्या हळुवारपणे कुणी उघडले नव्हते. ती आधी रिकाम्या पारड्यांचा काटा पाही. मग तोली. मग पुन्हा तोली. वहीत तिसऱ्या दशांशापर्यंत लिही. वर्गाने लगेच तिचे नाव ठेवले, दशांश.

"ए दशांश, डब्यातली पोळी पण तोलून खातेस का गं?"

"खाते ना. तुझ्यातली अर्धी ढापते, मग हिशेब नको ठेवायला?"

हे विचारणारी तिच्या शेजारची मुलगी होती. तिला डॉक्टर व्हायचे होते, आणि ती ते दिवसातून दहा वेळा सांगे, म्हणून तिचे नाव पडले डॉक्टरीणबाई. दोघींचे मेतकूट जमले होते. दशांशला विद्यापीठात रसायन शिकायचे होते. तिच्या घरात त्या दारापर्यंत आजवर कुणी गेले नव्हते. अट एकच होती. लेखी परीक्षेत कितीही गुण मिळोत, प्रात्यक्षिकात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागे, तीसपैकी बारा गुण.

पहिल्या खेपेला तिचे उत्तर आले तेवीस पूर्णांक दोन. सरांनी वहीत लाल शाईने लिहिले, काळजीपूर्वक करा. दुसऱ्यांदा तेवीस पूर्णांक दोन. तिसऱ्यांदाही तेच. डॉक्टरीणबाईने तिला बाजूला घेऊन चौकट दाखवली आणि सांगितले की इथे आठ वाढवायचे असतात, सगळे वाढवतात. दशांशने विचारले, का? डॉक्टरीणबाईला ते माहीत नव्हते. तिच्या आधीच्यांनाही नव्हते. दशांश म्हणाली, मग ती तर नक्कल झाली.

ती सरांकडे गेली. तराजूत काही दोष असेल का, असे तिने फार नम्रपणे विचारले. सर वह्या तपासत होते. त्यांनी मान वर केली, आणि जे बोलले ते मी अजून विसरले नाही.

"एकोणतीस जणांचं बरोबर येतं. तुझं एकटीचं चुकतं. मग तराजू चुकते, की तू? तुझा हात हलतो बघ."

त्या दिवसापासून ती मधल्या सुट्टीत एकटी येऊन तोलू लागली. तिने ब्युरेट बदलून पाहिली, द्रावण मोजून घ्यायची पिपेट बदलून पाहिली, स्फटिक नव्या बाटलीतले घेतले, डोळे तपासून आली. हाताला पट्टी बांधून, मनगट टेबलावर टेकवून तोलून पाहिले. तिने सगळ्यांवर संशय घेतला, सर्वांत जास्त स्वतःवर. फक्त वजनांवर घेतला नाही, कारण पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापले होते की पेटीतली वजने प्रमाण मानावीत. आणि माझ्यावर घेतला नाही, कारण तिचा माझ्यावर जीव होता. ती माझ्या काचेजवळ तोंड आणून पुटपुटे, "तू बरोबर आहेस गं. मीच कुठंतरी चुकतेय."

कधीकधी वाटते, तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, आवाज मऊ होता. त्यांच्या पाकिटात खरे उत्तर होते चोवीस, वरखाली पॉइंट दोन चालणार होते. दशांशने तोलले, विरघळवले, थेंब सोडले. गुलाबी छटा आली. तिने आकडा वाचला, आणि तिचा चेहरा उतरला. तेवीस पूर्णांक दोन.

परीक्षकांनी तिचा कागद पाहिला. तिच्या मांडणीत एक खाडाखोड नव्हती. त्यांना बहुधा वाईट वाटले असावे. त्यांनी विचारले, "पुन्हा एकदा नीट वाचून बघायचंय का?"

शेजारच्या टेबलावरून डॉक्टरीणबाईने हळूच चौकटीवर नख वाजवले. काका हातात बाटल्यांची टोपली घेऊन दाराशी उभा होता. दशांश एकदा चौकटीकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. तिला फक्त एका आकड्याचा दुसरा करायचा होता. समोर सारे विद्यापीठ उघडे होते. मी मनातल्या मनात ओरडत होते की लिही बाई, आठ लिही, माझ्या मानापमानाचा विचार करू नकोस. जन्मात पहिल्यांदा मला वाटले की कुणीतरी खोटे लिहावे.

"नाही सर," ती म्हणाली. "मला दिसलं तेच लिहिलंय."

त्यांनी मान हलवली आणि गुण मांडले. लाल शेऱ्यांमुळे वहीचे गुण आधीच कापले गेले होते. तीसपैकी दहा. दोन गुण कमी पडले.

निकालानंतर ती कागदपत्रे न्यायला आली. लेखी परीक्षेत ती वर्गात दुसरी होती. प्रवेशाची मुदत त्याच आठवड्यात सरली होती. कार्यालयातून ती वर प्रयोगशाळेत आली, ती प्रयोगवही घ्यायला. काका काचा पुसत होता. त्याच्याने राहवले नाही.

"पोरी, वाढवायचे होतेस ना आठ. सगळे वाढवतात."

"कशात वाढवू, काका? कुठून आलेत ते आठ, ते तरी कुणी सांगितलं का मला?"

काकाचा हात काचेवर थांबला. कुठून आले? तो पुटपुटत मागे मोजू लागला. मोठ्या बाईंच्या वेळी चौकटीवर काही लिहिलेले नव्हते. त्या गेल्या, आणि त्याच वर्षी, त्या सुट्टीनंतर... त्याने स्टूल ओढले आणि बसला. मग त्याने तिला मोरीची, पाकळीची आणि कात्रीची सगळी हकिकत सांगितली. तेरा वर्षांत पहिल्यांदा, कुणालातरी.

ती माझ्याकडे आली. घड्याळ काढून ठेवले. एका पारड्यात दोनशेची पाकळी ठेवली, दुसऱ्यात शंभराच्या दोन. कळ फिरवली. मित्रांनो, तेरा वर्षे तोंडात धरून ठेवलेला शब्द मी त्या क्षणी बोलले. दोनशेचे पारडे वर गेले. तिने त्यात वीसची पाकळी घातली, मग दुसरी वीसची. काटा हळूहळू मध्ये येऊन थांबला.

"एकशे साठ," ती म्हणाली. गुणपत्रिकेच्याच पाठीवर तिने आकडेमोड केली. खरे वजन धरून तिचे उत्तर निघाले तेवीस पूर्णांक शहाण्णव. अवघ्या वर्गात खरे उत्तर एकट्या तिचे होते.

मला वाटले ती काकावर चिडेल. चिडण्याचा तिला हक्क होता. पण तिने आपला उजवा हात समोर धरला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

"काका," ती म्हणाली, "माझा हात हलत नव्हता."

आणि मग ती रडली. काका तिच्या पायाशी वाकला, तर तिने त्याला धरून स्टुलावर बसवले.

दोघे सरांकडे गेले, सर त्यांना घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. तिथले बोलणे मला काकाकडून कळले. मुख्याध्यापकांनी सांगितले की आता निकाल लागला आहे. एकीचे गुण बदलायचे तर बाकीचे एकोणतीस खोटे म्हणावे लागतील, आणि मागच्या तेरा वर्षांचेही. तेवढे कोण उघडणार? तिने पुढच्या वर्षी पुन्हा बसावे. पाकळीचे म्हणाल तर नवीन मागवू, तोवर तीच राहू द्या, वर्गाचे बरोबर येते आहे ना?

जाण्याआधी ती पुन्हा वर आली. काकाने हात जोडून तिला म्हटले, "मला तोलायला शिकव." तिने शिकवले. पाऊण तास लागला. सत्तावन्न वर्षांचा तो माणूस, काटा पहिल्यांदा मध्ये थांबला तेव्हा लहान मुलासारखा माझ्याकडे बघत राहिला. मग तिने वहीचे एक पान फाडले, त्याची घडी घालून पुडी केली, तिच्यावर काही लिहिले आणि काकाच्या खिशात ठेवली. खरी पाकळी येईल तेव्हा ही खोटी यात घाला, असे सांगून ती गेली.

पुढच्या वर्षी ती परीक्षेला बसणार होती. पण त्या वर्षी आईच्या डोळ्यांनी दगा दिला आणि शिवणाचे सगळे काम तिच्यावर आले. मग त्याच्या पुढच्या वर्षी, मग त्याच्याही पुढच्या. ते पुढचे वर्ष काही आले नाही.

काका मात्र रोज सकाळी, कुणी यायच्या आत, वजने तपासू लागला. एकेक वजन, एका जाड वहीत तारखेसह. नव्या पाकळीसाठी त्याने किती अर्ज केले, त्याची गणती नाही. अखेर ती आली, नेमकी दशांशच्या मागून आलेल्या तुकडीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी. त्याने ती स्वतः तोलून घेतली. दोनशे, तंतोतंत. खोटी पाकळी पुडीत घातली आणि खरी खळग्यात बसवली. चौकटीवरची पेन्सिल त्याने ओल्या फडक्याने घासून काढली. सकाळी दारात उभा राहून तो एकेका मुलाला सांगत होता की आज आठ वाढवू नका, वजन नवीन आले आहे.

मुले हसली. वर्षभर त्यांनी आठ वाढवले होते आणि वर्षभर उत्तर बरोबर आले होते. परीक्षेच्या दिवशी काकांना चेष्टा सुचते, म्हणाली. सर तिथेच उभे होते. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. पण तो शब्द बोलले असते तर मागचे सगळे कबूल झाले असते. ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

त्या दिवशी चौदा वर्षांनी मी परीक्षेत खरे बोलले. प्रत्येकाचे उत्तर चोवीसला टेकले होते, आणि तिसांच्या तिसांनी त्यात आठ वाढवले. सगळे चुकले. त्याच परीक्षकांनी कागद पुढे-मागे केले, चष्मा पुसला आणि शेरा लिहिला, तराजू सदोष आहे. सर्व विद्यार्थ्यांना पूर्ण गुण द्यावेत.

नीट ऐकलेत ना? एकीचे चुकले, तेव्हा ती चुकली. तिसांचे चुकले, तेव्हा मी चुकले.

महिनाभरात आकडे दाखवणारी विजेची तराजू आली आणि मला जिन्याखाली आणून टाकले. काका निवृत्त झाला. शेवटच्या दिवशी तो इथे आला होता. माझ्या वजनपेटीत त्याने ती पुडी ठेवली आणि मला सांगितले, जशी मी त्याची थोरली बहीण असावी तसे, की पोरगी आता काजे करते. तिच्यासारखे सरळ काज आसपास कुणाचे नाही.

माझी काही तक्रार नाही. माझी दांडी आजही सरळ आहे, कुणी धूळ पुसली तर कळेल. पण तुम्ही मला एक वचन द्यायचे आहे, आणि ते मी मागते आहे असे समजू नका, आज्ञा करते आहे. हातात आलेल्या वस्तूची निगा राखा, कारण तिच्या भरवशावर कुणीतरी खरे बोलणार असते. जो तुमच्या काचा पुसतो, त्याला त्या काचेच्या आत काय आहे हेही शिकवा. आणि सगळे वाढवतात म्हणून तुम्ही आठ वाढवू नका. आधी विचारा, कुठून आले. वर्गातली एक मुलगी वेगळे उत्तर घेऊन उभी राहिली, तर तिच्या हाताकडे बोट दाखवण्याआधी एकदा कळ फिरवून बघा.

ती पुडी अजून माझ्याजवळ आहे. पातळ पत्र्याच्या त्या पाकळीवर काकाच्या सुईने कोरलेले दोनशे आहेत. पुडीवर मात्र तिचे अक्षर आहे, बारीक आणि सरळ, एकही खाडाखोड नसलेले.

एकशे साठ पूर्णांक शून्य मिलिग्रॅम. तपासले आहे.